रेडिएटर जायला लागलाय हे इंजिन उकळायच्या आधी कसं ओळखायचं

मे महिना, शनिवार, दुपारचे साडेबारा. वाईतून निघून पसरणी घाट चढत होतो, गाडीत बायको, दोन मुलं, आई, मागं डिकी भरलेली, एसी फुल आणि पुढं पाचगणीपर्यंत गाड्यांची रांग, पहिला गिअर दुसरा गिअर परत पहिला असं चाललेलं. माझ्या गाडीत टेम्परेचरचा काटा नाही, नुसता दिवा आहे, थंड असताना निळा आणि जास्त गरम झाली की लाल. तो लाल दिवा आधी लुकलुकायला लागला, आणि मी पुढच्या वळणावर जागा बघून थांबू म्हणून अर्धा-पाऊण किलोमीटर तशीच नेली, तोवर बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. हेड (इंजिनचा वरचा धातूचा भाग) वाकलं, गॅस्केट (हेड आणि इंजिनमधलं सील) गेली, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) करून घ्यावं लागलं, आठ दिवस गाडी गॅरेजला आणि बिल २६ हजार. आणि मूळ दुखणं काय निघालं तर रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीला, सांध्याजवळ, केसाएवढी चीर.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण ती चीर त्या दिवशी पडलेली नव्हती. त्याआधी तीन महिने मी दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर पाणी टाकत होतो. सर्व्हिसिंग करायचो तिथं विचारलंही होतं, तर उत्तर मिळालं की जुनी गाडी आहे, खाते थोडं पाणी, टाकत राहा. गाडी पाणी खात नाही हो. इंजिन ऑइल थोडंफार जळतं हे खरं, पण कूलंटची (इंजिन गार ठेवायला फिरतं ते रंगीत पाणी) सिस्टिम बंद असते, त्यातली पातळी सारखी सारखी उतरतेय म्हणजे ते एकतर बाहेर जातंय नाहीतर इंजिनच्या आत जातंय, तिसरी वाट नाही. वर्षभरात पातळी एखादं बोट उतरली तर चालतं, महिन्याला टाकायला लागतंय तर गाडी आजारी आहे. आणि पाणी टाकलं की गाडी व्यवस्थित चालते म्हणून तर आपण शोध घेत नाही, हीच खरी फसगत.

आत काय चालतं ते आधी थोडक्यात

इंधन जळून जी उष्णता तयार होते त्यातली ढोबळमानानं एक तृतीयांश गाडी ओढायच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली तिसरी वाटणी कूलंटला उचलून बाहेर टाकावी लागते. वॉटर पंप (बरेच मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात) कूलंट इंजिनमधून फिरवतो, ते साधारण ८२ ते ८८ डिग्रीला आलं की थर्मोस्टॅट (तापमानावर उघडणारा-मिटणारा वॉल्व्ह) उघडतो आणि ते रेडिएटरच्या बारीक चपट्या नळ्यांमधून जातं, नळ्यांना लागून जी पातळ ॲल्युमिनियमची जाळी असते ती उष्णता हवेला देते. गाडी पळत असेल तर समोरून वारा मिळतोच, उभी असेल तर ९५ डिग्रीच्या आसपास फॅन चालू होतो. आकडे गाडीगणिक दोन-चार डिग्री इकडंतिकडं.

आणि एक गोष्ट जिच्याकडं कोणीच बघत नाही ती म्हणजे रेडिएटरची कॅप. ती नुसतं झाकण नाही, ती कुकरची शिट्टी आहे. तिच्यावर सहसा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, म्हणजे तेवढा बार दाब ती आत धरून ठेवते, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, निम्मं कूलंट असेल तर अजून वर. आता विचार करा, महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर आहे, तिथं उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळतं. म्हणजे कॅपचं रबर कडक झालं असेल, दाब धरत नसेल, तर फॅन चालू व्हायच्या सुमारालाच आत पाणी उकळायला लागतं. त्यात घाट चढून इंजिन तापलेलं. पुण्यात ऑफिसला जाता-येता जी गाडी एकदम व्यवस्थित वाटते तीच घाटात का दगा देते त्याचं अर्धं उत्तर यात आहे.

आता एकेक करून बघू. पहिल्या चार गोष्टी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीवर करायच्या. गरम गाडीची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही, फडकं धरूनसुद्धा नाही, आत १०० डिग्रीच्या वरचं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण सैल झालं की ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

पायरी १ : गाडीखाली काय पडलंय

रात्री गाडी लावताना पुढच्या भागाखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा, सकाळी काढून बघा. एसीचं पाणी पडलेलं असेल तर ते पारदर्शक, बिनवासाचं, आणि सहसा पुढच्या सीटच्या पायाजवळच्या भागाखाली पडतं, त्याची काळजी नको. कूलंट हिरवं, गुलाबी, लाल किंवा निळसर असतं, बोटावर घेतलं की थोडं बुळबुळीत लागतं आणि वास गोडसर येतो. तपकिरी-काळं असेल तर ते इंजिन ऑइल, तो विषय वेगळा.

डाग बंपरच्या लगेच मागं असेल तर संशय रेडिएटरवर किंवा त्याच्या पाइपांवर, इंजिनच्या बेल्टच्या बाजूला असेल तर वॉटर पंपावर. पण पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून लीकेज नाही असं समजू नका. माझा कोरडाच निघायचा. बारीक चीर ही गाडी गरम असताना, दाब चढल्यावरच उघडते, जे दोन-चार थेंब येतात ते गरम जाळीवर पडून जागच्या जागी वाळतात, आणि गाडी गार झाली की चीर परत मिटते. म्हणून तिसरी पायरी महत्त्वाची.

पायरी २ : बाटलीवर पेनानं खूण

बॉनेटखाली पांढरट प्लास्टिकची बाटली असते, तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा. गार गाडीत आत्ता पातळी जिथं आहे तिथं मार्करनं बारीक रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. आठ दिवसांनी त्याच वेळी, सकाळीच, परत बघा. गरम गाडीत पातळी वर चढलेली असतेच, गार झाली की परत खाली येते, त्यामुळं संध्याकाळी ऑफिसहून आल्या आल्या बघून काही कळत नाही.

इथं एक बारकावा. बऱ्याच गाड्यांत कॅप रेडिएटरवर असते आणि बाटली नुसती साठवणीची असते, गाडी गरम झाली की जास्तीचं कूलंट बाटलीत जातं आणि गार झाली की रेडिएटर ते परत ओढून घेतो. कॅपमधला छोटा वॉल्व्ह अडकला किंवा बाटलीची बारीक नळी चिरली तर परत ओढणं बंद होतं, मग बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा. लोक बाटली बघतात आणि समाधान मानतात. तेव्हा अशा गाडीत महिन्यातून एकदा, गार असताना, रेडिएटरची कॅप काढून आत बघायचं, कूलंट अगदी गळ्यापर्यंत असलं पाहिजे. काही गाड्यांत रेडिएटरवर कॅपच नसते, दाबाची कॅप बाटलीवरच असते, तिथं बाटलीची पातळी हीच खरी.

पायरी ३ : टॉर्च घेऊन जाळी आणि सांधे

हल्लीचे बहुतेक रेडिएटर म्हणजे मधे ॲल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही टोकांना (वर-खाली किंवा डावीउजवीकडं) प्लास्टिकच्या टाक्या. टाकी आणि जाळी यांच्यामधे रबराचं गॅस्केट असतं आणि ॲल्युमिनियमच्या छोट्या छोट्या पट्ट्या दाबून, वाकवून तो सांधा पक्का केलेला असतो. रोज गरम-गार गरम-गार होऊन प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि चीर बहुतेक वेळा या सांध्याजवळ किंवा पाइप बसतो त्या तोंडाजवळ पडते.

मोबाइलचा टॉर्च पुरत नाही, वेगळा बारीक टॉर्च घ्या आणि त्या वाकवलेल्या पट्ट्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेत जा. तुम्हाला पाणी दिसणार नाही. दिसेल ती पापडी. माझ्या गाडीत दहा-बारा पट्ट्या स्वच्छ राखाडी, आणि मग एका ठिकाणी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत पांढरट-हिरवी, मिठाच्या खड्यासारखी खरखरीत पापडी, तिथून खाली जाळीवर उतरलेला वाळलेल्या आसवासारखा ओघळ. नखानं खरवडली तर भुगा झाला आणि खाली प्लास्टिकवर तो केस दिसला. हे मला मेकॅनिकनं दाखवलं, बिल भरल्यानंतर. तीन महिने ती पापडी तिथं होती, बॉनेट उघडून मी त्याच्या सहा इंचांवर पाण्याची बाटली ओतत होतो.

प्लास्टिकचा रंगही बघा, काळ्याचा तपकिरी-करडा झाला असेल, बारीक जाळं पडल्यासारखं दिसत असेल तर ते संपत आलंय.

मग जाळी. समोरून बघितलं तर आधी एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) दिसतो, रेडिएटर त्याच्या मागं असतो, आणि खरी घाण या दोघांच्या फटीत जाऊन बसते जी पुढून दिसतच नाही. उसाच्या पट्ट्यात चिपाडाचा भुसा, विदर्भात कापसाचे तंतू, सगळीकडं किडे आणि धूळ. बाजूनं टॉर्च मारून त्या फटीत बघा, नमद्यासारखा थर दिसला तर हवा जातच नाहीये असं समजा. कोकणात, मुंबईत समुद्राच्या खाऱ्या हवेनं वेगळाच त्रास होतो, जाळीच्या पातळ पट्ट्या पांढऱ्या पडून बोट लावलं की भुकटी होते, मग नळ्या शाबूत असतात, लीकेज काही नसतं, पण उष्णता हवेला द्यायला जाळीच उरलेली नसते. अशी जाळी धुऊन उपयोग नाही, रेडिएटर बदलायचाच.

घाण काढायची असेल तर साधा पाण्याचा पाइप, कमी दाब, आणि इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला. गाडी गार असतानाच. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन पुढून जाळीवर मारू देऊ नका, पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद.

पायरी ४ : कॅप काढून आतलं बघणं

गार गाडी, कॅप उघडली, आत कूलंट आहे. त्याचा रंग स्वच्छ आणि पारदर्शक पाहिजे. लालसर-तपकिरी गढूळ झालंय म्हणजे आत गंज आहे आणि तो गंज त्याच बारीक नळ्यांमधे जाऊन बसणार. तोंडाच्या कडेला पांढरा थर असेल तर ते क्षार. बोअरचं पाणी टाकणाऱ्यांच्या रेडिएटरमधे हे हमखास दिसतं, घरात गिझरच्या कॉइलवर जसा थर चढतो अगदी तसाच, आणि नळी मुळात इतकी चपटी असते की अर्धा मिलिमीटर थरसुद्धा तिला जड जातो. वर तेलाचा तवंग किंवा चहावरच्या सायीसारखं काही तरंगताना दिसलं तर थांबा, गाडी चालू करू नका, इंजिन ऑइलची डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) काढून बघा. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली कॉफीत दूध घातल्यासारखं दिसत असेल तर ऑइल आणि पाणी एकत्र झालंय. (थंडी-पावसात फक्त जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडा पांढरा फेस वाफेमुळंही येतो, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरू नका.)

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो, तो आतून फुटला तर कूलंट गिअरबॉक्समधे जातं, आणि तो खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट.

कॅप हातात आहेच तर तिचं रबर बघा, कडक, चिरलेलं, कायमचा खोल व्रण पडलेलं असेल तर बदला. दोन-चारशे रुपयांची वस्तू आहे, फक्त आकडा जुन्यावर होता तोच घ्या, ०.९ च्या जागी १.१ लावली तर म्हाताऱ्या रेडिएटरवर दाब वाढून नवीन चीर पडते.

पायरी ५ : गाडी चालू करून फॅन आणि पाइप

कॅप घट्ट लावा, मोकळ्या जागेत गाडी उभी करा, एसी बंद ठेवा, कारण एसी चालू केला की फॅन बहुतेक गाड्यांत तसाही फिरतो आणि मग काही समजत नाही. नुसती उभ्याउभ्या चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत (थंडीत जास्त) फॅन लागला पाहिजे, मिनिट-दोन मिनिटं फिरून बंद झाला पाहिजे, थोड्या वेळानं परत. हा ताल बघायचा. फॅन लागतच नाही आणि तापमान चढतंय तर दोष रेडिएटरचा नाही, फॅनची मोटर, रिले, फ्यूज किंवा सेन्सर. एकदा लागलेला फॅन बंद व्हायचं नावच घेत नाही तर रेडिएटर उष्णता टाकू शकत नाहीये असा दाट संशय.

आता पाइप. फॅनपासून आणि बेल्टपासून हात, ओढणी, गळ्यातली चेन लांब, आणि हे लक्षात असू द्या की काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन आपोआप फिरतो. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाइप चटका बसेल इतका गरम आणि खालचा त्यापेक्षा बऱ्यापैकी कमी गरम पाहिजे, हात लावायच्या आधी उलट्या हाताने जवळ नेऊन अंदाज घ्या. खालचा पूर्ण गार आणि इंजिन तापलंय म्हणजे थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर आतून तुंबलाय. दोन्ही सारखेच गरम असतील तर कूलंट फिरतंय पण गार होत नाहीये. ज्यांच्याकडं इन्फ्रारेड थर्मामीटर आहे त्यांनी इंजिन बंद करून जाळीवर जागोजागी मारून बघा, गरमवरून गारकडं तापमान हळूहळू उतरत जायला पाहिजे, मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत.

गाडी पूर्ण गार झाल्यावर वरचा पाइप चपटा होऊन आत ओढला गेलेला दिसला तर कॅपचा परतीचा वॉल्व्ह अडकलाय. आणि उलटं, सकाळी गार गाडी चालू केल्या केल्या मिनिटभरात पाइप दगडासारखा कडक झाला किंवा बाटलीत सतत बुडबुडे येतात तर ते हेड गॅस्केटचं लक्षण, सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय.

पायरी ६ : कुठं गरम होते ते लिहून ठेवा

माझ्या मते निदानातला सगळ्यात उपयोगी भाग हाच, आणि याला काही हत्यारं लागत नाहीत. मेकॅनिककडं जाऊन "गाडी गरम होते" एवढंच सांगितलं तर तो अंदाजानं एकेक पार्ट बदलत बसतो, कुठं आणि कधी गरम होते हे सांगितलं तर अर्धं काम तिथंच होतं.

सिग्नलला, ट्रॅफिकमधे गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर ८० नं धरली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडतेय, म्हणजे फॅन किंवा जाळीतली घाण. अशा गाडीत सिग्नलला एसीही कमी गार लागतो, कारण कंडेन्सरला वारा देणारा फॅन तोच.

ट्रॅफिकमधे ठीक पण एक्सप्रेसवेवर लांब पल्ल्यात किंवा घाट चढताना काटा चढत जातो, तर हवा भरपूर आहे, कूलंटच पुरेसं जात नाहीये. रेडिएटर आतून तुंबलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, पंपाचं पातं झिजलेलं असू शकतं. हा दोष शहरात महिनोन्‌महिने दिसत नाही, कारण शहरात इंजिनवर तेवढा भारच पडत नाही, आणि मग सुट्टीत सगळ्यांना घेऊन निघालं की कात्रज नाहीतर कसारा घाटात बाहेर पडतो.

दोन्हीकडं गरम होते तर आधी पातळी, मग थर्मोस्टॅट, मग पंप.

आणखी दोन लक्षणं. हीटर लावला की थोडा वेळ गरम आणि मधेच गार वारा येतो, म्हणजे कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकलीय, आपल्याकडं हीटर कोणी लावत नाही म्हणून हे कळतच नाही, महिन्यातून एकदा दोन मिनिटं लावून बघा. दुसरं सीएनजीवाल्यांसाठी, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. गॅसचा दाब उतरवणारा जो रिड्यूसर असतो तो गॅस फैलावताना गार पडतो म्हणून त्याला इंजिनच्या गरम कूलंटचे दोन पाइप दिलेले असतात. कूलंट कमी झालं की तिथं आधी पोचायचं थांबतं, रिड्यूसरवर दव किंवा चक्क बर्फ धरतो आणि गाडी गॅसवर झटके देते, पेट्रोलवर व्यवस्थित. लोक किटवाल्याकडं चकरा मारतात आणि दोष असतो पाण्याचा. किट बसवताना पाइप कापून टी लावलेले असतात, त्यांच्या क्लिपा सैल होऊन तिथूनही गळतं, तेव्हा टॉर्च तिकडंही न्या.

गॅरेजला काय मागायचं

प्रेशर टेस्ट. कॅपच्या जागी हातपंप लावून कॅपवरच्या आकड्याएवढा दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा पडतो का बघतात. काटा पडतोय आणि बाहेर कुठंच ओल नाही तर कूलंट आत इंजिनमधे जातंय. सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर हेही तेच सांगतं. कॅपही त्याच पंपावर तपासता येते. तुमच्यासमोर करायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे.

थर्मोस्टॅट काढूनच टाकू, गाडी गार राहील, असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. इंजिन कामाच्या तापमानाला पोचत नाही, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते, आणि रेडिएटरचं दुखणं तेवढे दिवस झाकलं जातं. अडकत असेल तर नवीन टाकायचा, तो काही महाग नसतो.

जुन्या जीप, अम्बॅसेडर, पद्मिनीचे रेडिएटर तांबा-पितळेचे, ते रेडिएटरवाला उघडून, गजानं नळ्या साफ करून, डाग देऊन (सोल्डर करून) परत नव्यासारखे करायचा, आणि तसा रेडिएटर असेल तर आजही तेच करावं. ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरला ते लागू नाही. चिरलेल्या टाकीवर एम-सील लावून गावापर्यंत पोचता येतं, त्यावर पावसाळा काढता येत नाही. जुने ड्रायव्हर हळद टाकायचे, हळद फुगून भोक बुजतंही, पण ती चांगल्या नळ्याही बुजवते, बाजारात मिळणाऱ्या लीक बंद करायच्या पावडरींचंही बरंचसं तसंच. चीर पडली असेल, जाळी भुकटी झाली असेल किंवा फ्लश करूनही (आतून धुऊनही) घाटात काटा चढत असेल तर सरळ बदला. त्याच वेळी वरचा-खालचा पाइप दाबून बघा, कडक किंवा फुगलेले असतील तर तेही, क्लिपांसकट.

रस्त्यात लाल दिवा लागलाच तर

काटा नुसता चढायला लागलाय, वाफ नाही, तर एसी बंद, हीटर सगळ्यात गरमवर आणि ब्लोअर फुल, खिडक्या उघड्या. उन्हाळ्यात नको वाटतं, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, तो बरीच उष्णता ओढतो. पहिली सुरक्षित जागा मिळेल तिथं थांबा. लाल दिवा लागून राहिला, हीटरमधून गार वारा यायला लागला किंवा वाफ दिसली तर लगेच बाजूला आणि इंजिन बंद, पुढचं वळण नाही, पुढचा ढाबा नाही. मी जे अर्धा-पाऊण किलोमीटर गेलो तेवढ्यानंच हेड वाकलं, चिरीचा खर्च वेगळा आणि खूप कमी होता.

हॅझर्ड लावा, घाटात असाल तर चाकाला दगड लावा, माणसांना उतरवून कठड्याच्या बाजूला सुरक्षित उभं करा. वाफ येत असताना बॉनेट उघडू नका, थांबली की उघडा आणि निदान पाऊण तास कॅपला हात नको. वरचा पाइप हातात आरामात धरता येतोय इतका गार झाला की जाड फडकं ठेवून कॅप थोडी फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनवर किंवा आत गार पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जातो. पाणी भरायचं ते इंजिन गार झाल्यावर, हळूहळू. तिथं पिण्याचं पाणी आहे तर तेच टाका, अडचणीत चालतं, पण घरी आल्यावर काढून कूलंट भरायचं विसरू नका. दहा मिनिटांत परत दिवा लागला तर टो करा.

कूलंट आणि नवीन रेडिएटर बसवल्यानंतर

रंगावर जाऊ नका, वेगवेगळ्या कंपन्यांत एकाच रंगाचं कूलंट वेगळ्या जातीचं असतं. गाडीच्या पुस्तकात जे सांगितलंय तेच घ्या, दोन जाती मिसळल्या तर कधी कधी आत गाळ होतो. तयार मिळतं ते तसंच ओतायचं, कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यात निम्मं डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही, बोअरचं तर अजिबातच नाही. आपल्याकडं बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असं बरेच जण म्हणतात. कूलंट नुसतं पाणी गोठू नये म्हणून नसतं, गंज आणि क्षार रोखण्यासाठी आणि उकळबिंदू वर न्यायला लागतं, आणि त्यातली गंज रोखणारी रसायनं संपतात म्हणून ते ठरलेल्या मुदतीला बदलायचं, जुन्या पद्धतीचं साधारण दोन वर्षांनी, लाँग लाइफ असेल तर पाच वर्षांच्या आसपास.

नवीन रेडिएटर बसला की आतली हवा नीट काढली का विचारा. गाडी थोडी चढावर तोंड करून, गार असताना कॅप काढून, हीटर गरमवर ठेवून चालू करतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहतात, कुठं हवा काढायचा स्क्रूही असतो. हवा राहिली तर नवीन रेडिएटर असूनही गाडी गरम होते. बाटलीवर परत रेघ आणि तारीख. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरेल, उरलेली हवा निघते म्हणून, तेवढी भरा आणि नवीन रेघ मारा. त्यानंतर आठवडाभर ती रेघ जागची हलली नाही तर काम चांगलं झालंय, हलली तर टॉर्च घेऊन परत पहिल्या सांध्यापासून, आणि गाडी लगेच परत गॅरेजला, गॅरंटी असेपर्यंत.

जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची किडनी जाते. गॅरेजवाल्याला कॅनमधे काढून घ्यायला सांगा, आणि पार्किंगमधे सांडलेलं असेल तर आधी चिंधीनं टिपून मग भरपूर पाण्यानं धुवा.